पंडित आणि तिजोरी
विद्वत्ता आणि राज्यकारभार यांची फारकत ही आमची जुनी व्याधी होय. धनंजयराव गाडगीळांनी ती मानली नाही. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे हे पहिले संचालक प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही झाले. अभ्यासिकेतील सिद्धांत त्यांनी उसाच्या हिशेबापुढे उभा केला. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष असताना १९६९ मध्ये राज्यांच्या केंद्रीय साहाय्यास सूत्र मिळाले : बहुतेक राज्यांसाठी लोकसंख्येस ६० टक्के, अल्प दरडोई उत्पन्न, करप्रयत्न, चालू मोठे प्रकल्प व विशेष प्रश्न यांस प्रत्येकी १०. मर्जीची जागा नियमाने घेतली. १९७१ मध्ये गाडगीळ निवर्तले; सूत्रही पुढे बदलले. परंतु तिजोरी वाटणाऱ्याने आपले गणित लोकांपुढे मांडावे, हा आग्रह आम्ही सोडता कामा नये.