धर्म शिकून काय करायचं?

आमची धाकटी बारावी झाली आणि एक दिवस जेवताना म्हणाली, की बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार, धर्म आणि नीती शिकणार. झालं! सासूबाईंची तव्यावरची पोळी करपली. देवघर घरात असताना धर्म शिकायला कॉलेज कशाला, असं त्यांचं म्हणणं. ह्यांची काळजी वेगळी, नोकरी कुठं लागणार? मी मात्र गप्प बसले. मला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आठवले.

मैत्रिणींनो, शिंद्यांचा जन्म 1873 सालचा, जमखंडीचा. घर मराठा, वडील वारकरी. दारी आलेल्याची जात न विचारता त्याला जेवू घालायची रीत त्यांनी लहानपणी घरातच पाहिली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून 1898 साली ते बी.ए. झाले. पुढे वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण प्रार्थना समाजाच्या ओढीनं त्यांनी ती वाट सोडली आणि 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला गेले. जाण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी मदत केली. तिथं दोन वर्षं त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, पाली भाषा शिकले, बौद्ध धर्म समजून घेतला. नुसती पुस्तकं वाचली नाहीत, तिथल्या गरीब वस्त्यांतलं धर्मसंस्थांचं कामही पाहिलं.

1903 साली परत आले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. प्रवचनं करत मानानं दिवस गेले असते. पण त्यांच्या मनानं घेतलं, की ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभं राहू देत नाहीत, त्यांच्यापाशी गेल्याशिवाय हे शिक्षण पुरं व्हायचं नाही. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत परळला त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं काम सुरू झालं. पुढे सारं कुटुंबच मिशनच्या जागेत राहायला गेलं.

ह्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यांची बहीण जनाबाई, म्हणजे जनाक्का. लहानपणीच लग्न झालेलं, सासरी फार हाल. भावानं तिला माघारी आणलं, शिकवलं. तीच जनाक्का पुढे मिशनच्या कामात उभी राहिली, वस्तीतल्या आजारी बायका-मुलांची घरोघरी जाऊन विचारपूस करू लागली. भाऊ ऑक्सफर्डला जे शिकला, ते बहिणीनं परळच्या चाळींत करून दाखवलं.

1920 साली पुण्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला. सक्ती आधी मुलांनाच करावी, मुलींचं मागाहून पाहू, असं बऱ्याच वजनदार मंडळींचं मत. शिंदे मुलींच्या बाजूनं उभे राहिले. 1930 च्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही सोसला. 2 जानेवारी 1944 रोजी ते गेले. आयुष्यभर एका बाजूला सनातन्यांचा राग, दुसऱ्या बाजूला ज्यांच्यासाठी खपले त्यांच्यातल्याही काहींचा अविश्वास. तरी काम सोडलं नाही.

हे सारं मी लेकीला सांगत होते. तिनं मुकाट्यानं ऐकलं आणि एकच विचारलं, की नदीकडच्या वस्तीतल्या मावश्या आपल्या हळदीकुंकवाला का नसतात गं?

खरं सांगते, अंगावर काटा आला. बचत गटाच्या कामासाठी वीस वर्षं मी त्या वस्तीत जाते. त्यांच्या घरचा चहा पिते, त्यांच्या पोरींच्या लग्नाला जाते. पण त्यांना माझ्या घरी, देवघराच्या पुढ्यात? सासूबाईंना काय वाटेल, म्हणून दरवर्षी टाळत आले. आणि सासूबाईंचं नाव पुढे केलं तरी भीती माझीच होती, हे त्या दिवशी कळलं.

लेकीच्या फॉर्मवर ह्यांनी कुरकुरत का होईना, सही केली. श्रावणातल्या शुक्रवारच्या हळदीकुंकवाची यादीही मी करून ठेवलीय. ह्या वेळी वस्तीतली अकरा नावं सगळ्यात वर लिहिली आहेत. सासूबाईंना अजून दाखवलेली नाही. आज दुपारी त्यांचा चहा झाला, की दाखवते.