जिवंतपणी अंत्ययात्रा निघालेला संपादक : आगरकरांचं खरं भांडण कुणाशी होतं?

गोपाळ गणेश आगरकर म्हटलं की एक गोष्ट हमखास आठवते. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. तेव्हा आगरकर चांगले जिवंत होते.

गोष्ट खरी आहे, आणि भयंकरही. पण सनातनी आपल्यावर तुटून पडणार हे आगरकरांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांना खरी किंमत मोजावी लागली ती दुसऱ्याच ठिकाणी. जी माणसं आपली होती, ज्यांच्यासोबत शाळा काढली, पेपर काढला, तुरुंगात दिवस काढले, त्यांच्यात राहून वेगळं मत ठेवण्याची ती किंमत होती.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातला. घरची परिस्थिती बेताचीच. शिकण्यासाठी ते कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेले होते, असं सांगतात. पुढे अकोल्याला राहून त्यांनी मॅट्रिक केलं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही आठवणही प्रसिद्ध आहे.

अशा घरातला मुलगा एम.ए. होतोय म्हटल्यावर घरच्यांना काय वाटेल? आता मोठ्या पगाराची सरकारी नोकरी लागणार आणि आपले दिवस पालटणार. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून स्पष्ट कळवलं की तसं काही होणार नाही. पोटापुरतं मिळालं की पुरे, बाकी आयुष्य लोकांच्या कामाला देणार.

याच कॉलेजात त्यांना एक मित्र भेटला होता, बाळ गंगाधर टिळक. दोघांचं वय एक, जिद्दही एक. सरकारी नोकरी करायची नाही आणि देशी माणसांच्या हातात शिक्षण आणायचं, हे दोघांचं ठरलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आगरकर शिक्षण संपवून तिथे आले. १८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी दोन पेपर काढले, इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’.

आज ‘केसरी’ म्हटलं की टिळकच डोळ्यांसमोर येतात, पण त्याचे पहिले संपादक आगरकर होते.

डोंगरीचे १०१ दिवस

पेपर सुरू होऊन वर्ष होतं न होतं तोच दोघांवर खटला झाला. कोल्हापूरच्या छत्रपतींना नीट वागवलं जात नाही, असा आरोप करत या पेपरांनी तिथले दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. खटल्याच्या वेळी त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातल्या रामशेठ उरवणे यांनी.

तुरुंगात दोघांच्या गप्पा रात्री उशिरापर्यंत चालायच्या. देशाचं काय करायचं, हाच विषय. तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी नंतर एक पुस्तकही लिहिलं. पुढे दोघांना वेगळं करणारा प्रश्नही देशाच्या भल्याचाच होता.

आधी काय?

टिळकांचं म्हणणं असं होतं की आधी राजकीय हक्क. समाजात सुधारणा व्हाव्यात, पण त्या लोकांमधून हळूहळू याव्यात. परक्या सरकारने कायदा करून आपल्या घरात हात घालू नये, त्याने समाज दुभंगतो आणि राजकीय लढा दुबळा होतो.

आगरकरांना राज्य परकं आहे हे मान्यच होतं. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला सासरी धाडलं जातं, नवरा मेला की तिचं केशवपन करून तिला कोपऱ्यात बसवलं जातं. त्या मुलीने स्वराज्य येईपर्यंत थांबायचं का, हा त्यांचा प्रश्न होता. रूढी जुनी आहे किंवा शास्त्रात लिहिली आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. ती बुद्धीला पटली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. आणि लोक स्वतःहून बदलत नसतील, तर कायदा करायलाही त्यांची हरकत नव्हती.

‘केसरी’ एकट्या आगरकरांचा नव्हता, तो सगळ्या मंडळींचा होता. त्यामुळे संपादक असूनही सामाजिक विषयांवर मनातलं सगळं लिहिता येईना. सहकाऱ्यांना ते लिखाण पटायचं नाही, वाचक तुटतील ही भीतीही होती. आपल्याच ग्रुपमध्ये वेगळं मत मांडल्यावर काय होतं, हे आज वेगळं सांगायला नको.

आगरकरांपुढे दोन वाटा होत्या. मत गिळून खुर्ची सांभाळायची किंवा खुर्ची सोडायची. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभरातच, ऑक्टोबर १८८८ मध्ये, स्वतःचा ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला एक तरुण प्राध्यापक होता, गोपाळ कृष्ण गोखले.

मग दोन्ही पेपरांत जुंपली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला तेव्हा वाद टोकाला गेला. मुलीशी शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं, एवढाच तो बदल होता. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. कायदा झाला. त्याआधीच टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

आगरकरांच्या लेखणीचा रोख मुख्यतः उच्चवर्णीय घरांकडे होता, हेही लक्षात ठेवायला हवं. जातीच्या पायावरच घाव घालण्याचं काम त्याच पुण्यात फुले कितीतरी आधीपासून करत होते.

घरातला प्रश्न

आगरकरांना एक टोमणा नेहमी ऐकावा लागायचा. हे स्वतः देव मानत नाहीत, मग यांच्या घरात व्रतवैकल्यं कशी? त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आगरकरांनी त्यांना कधी अडवलं नाही.

टीकाकारांना यात दुटप्पीपणा दिसायचा. पण जो माणूस समाजाकडे वेगळा विचार करण्याचा हक्क मागत होता, त्याने तोच हक्क घरात बायकोला नाकारला असता, तर ती सुधारणा कसली? नवऱ्याच्या धाकाने सोडलेला उपास आणि सासूच्या धाकाने धरलेला उपास, यांत त्या बाईच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता.

शेवट

दम्याने आगरकरांना आयुष्यभर छळलं. १७ जून १८९५ ला ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. अखेरच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले होते. नंतर ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तोही टिळकांनीच.

आगरकर प्राचार्य असतानाच, १८९३ मध्ये, फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी लग्न केलं होतं. आगरकर गेल्यावर वर्षभराने, १८९६ साली, कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमाचं काम सुरू केलं. ते पाहायला आगरकर नव्हते.

ते गेल्यावर त्यांच्याजवळ पैशांची एक छोटी पुडी सापडली, असं सांगतात. आपल्या अंत्यविधीचा खर्च त्यांनी स्वतःच बाजूला काढून ठेवला होता.