डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी झाला. घरची फार गरिबी होती. सगळे कुटुंब एकाच खोलीत राहत असे. डेव्हिड दहा वर्षांचे झाले तसे त्यांना सूतगिरणीत कामाला घातले. दहा वर्षांचे म्हणजे माझ्याएवढेच. सकाळी सहाला गिरणीत जायचे ते रात्री आठला सुटायचे. तुटलेले धागे जोडायचे काम होते. सुटल्यावर पुन्हा रात्रीची शाळा. पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्यांनी लॅटिन व्याकरणाचे पुस्तक आणले. खाऊ नाही, व्याकरण! ते पुस्तक यंत्रावर उघडे ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे.

असे शिकून ते डॉक्टर झाले आणि ख्रिस्ती मिशनरीही झाले. त्यांना चीन देशात जायचे होते, पण तिकडे लढाई चालू होती. म्हणून ते १८४१ साली दक्षिण आफ्रिकेत आले. बोटीतून उतरल्यावर बैलगाडीतून कितीतरी आठवडे प्रवास करून ते कुरुमनला पोचले. ते रॉबर्ट मोफट नावाच्या जुन्या मिशनऱ्यांचे ठाणे होते. कुरुमनला मोठा झरा आहे. त्याचे पाणी पाटाने बागेत नेलेले होते.

१८४४ साली माबोत्सा गावी सिंहांनी फार उच्छाद मांडला होता. गावकऱ्यांबरोबर डॉक्टरही गेले. त्यांनी गोळ्या झाडल्या, पण सिंह मेला नाही. त्याने झेप घेऊन त्यांचा डावा खांदा धरला आणि त्यांना गदागदा हलवले. मग मेबाल्वे नावाच्या त्यांच्या सोबत्याने बंदूक रोखली. तेव्हा सिंह डॉक्टरांना सोडून मेबाल्वेवर गेला. त्याच्या मांडीचा चावा घेतला आणि थोड्या वेळाने सिंह मेला. डॉक्टरांच्या दंडाचे हाड मोडले होते. ते शेवटपर्यंत नीट झाले नाही. मला वाटते, खरा धीट तो मेबाल्वे.

पुढच्या वर्षी मोफट यांची मुलगी मेरी हिच्याशी त्यांचे लग्न झाले. मेरीबाईंचा जन्मच आफ्रिकेत झालेला. तिथली सेत्स्वाना भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. मग १८४७ साली दोघे कोलोबेंग नदीच्या काठी राहायला गेले. ही जागा आता बोट्स्वाना देशात आहे. तिथे बाक्वेना लोकांचे राजे सेचेले होते.

कोलोबेंगला त्यांचा दिवस कसा जाई ते सांगतो. पहाटे लवकर उठायचे, कारण तेव्हा गार असते. प्रार्थना आणि न्याहारी झाली की शाळा. शाळेला बाप्ये, बाया, पोरे सगळ्यांना बोलावणे असे. अकराला शाळा सुटली की डॉक्टर कधी लोहार, कधी सुतार, कधी माळी. लोकांचे काही सामान दुरुस्त करून दिले की लोक त्यांच्या बागेत काम करून देत. बाक्वेना लोकांची घरे गोल असत. त्यांना चौकोनी भिंत रचायची सवय नव्हती, म्हणून घराची प्रत्येक वीट डॉक्टरांना स्वतः सरळ करावी लागे. मेरीबाई तर एक क्षण बसत नसत. साबण घरी, मेणबत्त्या घरी, पावही घरी. पावाची भट्टी कसली, तर मुंग्यांच्या वारुळाला भोक पाडून केलेली! वर दुपारी लहान मुलांची शाळा. तिला शंभर मुले येत. आमच्या चारही वर्गांत मिळून एवढी नाहीत. संध्याकाळी डॉक्टर गावात जाऊन लोकांशी बोलत बसत. गाईंची धार काढून झाली की आठवड्यातून तीन रात्री सगळे प्रार्थनेला जमत.

सेचेले राजे फार भराभर वाचायला शिकले. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यासाठी पाच बायकांपैकी चार बायका माहेरी पाठवाव्या लागल्या. त्या शाळेत सगळ्यांत हुशार होत्या. बघणारे लोक रडले. त्यांची काही चूक नव्हती, हे मला बरोबर वाटत नाही.

नेमका त्याच वेळी दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी नदीला बांध घालून पाट काढला होता, पीकही आले होते. पण पुढे पाऊसच नाही. नदी आटली. इतके मासे मेले की तरसांनाही खाऊन संपले नाहीत. बायकांनी दागिने विकून धान्य आणले. डॉक्टरांची मुलेही टोळ, अळ्या आणि मोठाले बेडूक खाऊ लागली. सेचेले राजे पूर्वी पाऊस पाडणारे म्हणून नावाजलेले होते. आता त्यांनी ते सोडले होते. म्हातारी माणसे डॉक्टरांकडे येऊन म्हणत की, राजाला थोडे दिवस पाऊस पाडू द्या, मग आम्ही सगळे प्रार्थनेला येऊ. ढग आजूबाजूला पडत आणि कोलोबेंग कोरडेच राही. ती माणसे वाईट नव्हती. त्यांची गुरे मरत होती.

डॉक्टर पुढे नवीन मुलूख शोधायला कालाहारी वाळवंटातून गेले. १८५० साली बायकोमुलांनाही नेले. मुले तापाने आजारी पडली. परत आल्यावर मेरीबाईंना मुलगी झाली, ती थोड्याच आठवड्यांत वारली. १८५२ साली त्यांनी सर्वांना इंग्लंडला पाठवले. त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगचे घर लुटले, पुस्तके फाडली, औषधाच्या बाटल्या फोडल्या. १८५५ साली डॉक्टरांनी झांबेझी नदीवरचा प्रचंड धबधबा पाहिला व त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. तिथल्या लोकांचे नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर. मला हेच नाव आवडते. मेरीबाई १८६२ साली झांबेझीकाठी तापाने वारल्या.

१८६४ साली डॉक्टर छोटी आगबोट स्वतः चालवत मुंबईला आले. पुढच्या वर्षी पुन्हा आले. तेव्हा नाशिकजवळ शरणपूरला मिशनची शाळा होती. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे शिकत. त्यांतली नऊ मुले डॉक्टरांनी बरोबर नेली. त्याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट १८७२ साली त्यांच्याकडे गेला.

१ मे १८७३ रोजी चितांबो राजाच्या गावी डॉक्टर वारले. ती जागा आता झांबिया देशात आहे. सुसी आणि चुमा या सोबत्यांनी त्यांचे काळीज झाडाखाली पुरले. देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून सगळ्यांनी कित्येक महिने खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी तपासले तेव्हा डाव्या दंडाचे सिंहाने मोडलेले हाड दिसले. त्यावरून हे तेच, अशी ओळख पटली. पुरताना झाडाखाली प्रार्थना जेकबने वाचली आणि बुंध्यावर डॉक्टरांचे नावही त्यानेच कोरले. त्याला लिहायला येत होते, नाशिकला शिकला होता.