पाणबुड्यांचा कर्दनकाळ : कॅप्टन जॉनी वॉकर

१९ डिसेंबर १९४१. पहाट व्हायला अजून अवकाश होता. पोर्तुगालच्या पश्चिमेस, भर अटलांटिकमध्ये, जिब्राल्टरहून इंग्लंडकडे निघालेला व्यापारी जहाजांचा काफिला दिवे मालवून पुढे सरकत होता. काफिल्याच्या पिछाडीस असलेल्या ‘स्टॅन्ले’ या विनाशिकेवर पाणतीर आदळला आणि क्षणार्धात तिचा आगीचा लोळ झाला. ‘स्टॉर्क’ या संरक्षक नौकेने तेथे धाव घेऊन पाण्याखाली स्फोटकांचा मारा केला. जखमी झालेली जर्मन पाणबुडी यू-५७४ अवघ्या काही यार्डांवर पृष्ठभागावर आली आणि मग एक विलक्षण पाठलाग सुरू झाला. पाणबुडी गोल गोल वळत राहिली आणि ‘स्टॉर्क’ तिच्या मागे. अंतर इतके कमी, की नौकेच्या तोफांची तोंडे तेवढी खाली झुकेनात. दहा-अकरा मिनिटांच्या या फेऱ्यांनंतर ‘स्टॉर्क’ने आपली नाळ सरळ पाणबुडीच्या अंगात घुसवली आणि तिला बुडवले.

‘स्टॉर्क’च्या माथ्यावरील मंचावर उभा असलेला अधिकारी तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. युद्ध सुरू होण्यापूर्वीच ब्रिटिश नौदलाने त्याला बढतीच्या यादीतून वगळले होते. त्याच्या बरोबरीचे कॅप्टन झाले. तो कमांडरच राहिला. युद्ध झाले नसते, तर चार-दोन वर्षांत तो निवृत्त होऊन विस्मृतीत गेला असता.

फ्रेडरिक जॉन वॉकर यांचा जन्म ३ जून १८९६ रोजी प्लिमथ येथे झाला. घराण्यातच नौदलाची परंपरा होती. १९०९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ते ऑसबोर्नच्या नाविक विद्यालयात दाखल झाले; पुढचे शिक्षण डार्टमथला झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी प्रथम ‘एजॅक्स’ या युद्धनौकेवर आणि नंतर विनाशिकांवर काम केले. त्यात नाव होण्यासारखे काही घडले नाही. मात्र जर्मन पाणबुड्यांनी १९१७ मध्ये ब्रिटनची अन्नाची रसद तोडत आणली होती, हे त्या पिढीच्या प्रत्येक नौसैनिकाने पाहिले होते. बहुतेकांनी युद्ध संपताच ते विसरणे पसंत केले. वॉकर विसरले नाहीत.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्टलंड येथे पाणबुडीविरोधी युद्धतंत्राचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली, तेव्हा वॉकर यांनी आपणहून ती वाट धरली. नौदलात त्या काळी मान होता तो प्रचंड तोफा डागणाऱ्यांना. पाण्याखालचे आवाज ऐकत बसण्याच्या विद्येला कोणी फारसे विचारत नसे. वॉकर यांनी नंतरची वर्षे मोठ्या युद्धनौकांवर या विषयाचे तज्ज्ञ म्हणून, मग एका जुन्या विनाशिकेवर, चीनच्या किनाऱ्यावर आणि १९३७ पासून पुन्हा पोर्टलंडच्या प्रयोगशाळेत काढली. बढतीच्या दृष्टीने हा आडरस्ताच होता. युद्ध सुरू झाले तेव्हाही त्यांना जहाज मिळाले नाही. डोव्हर येथे अ‍ॅडमिरल रॅम्से यांच्या कार्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि डंकर्कहून सैन्य परत आणण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केले. ज्या युद्धाची तयारी त्यांनी आयुष्यभर केली, ते समुद्रावर दोन वर्षे चालले होते आणि ते मात्र जमिनीवर होते.

या दोन वर्षांत अटलांटिकमध्ये काय चालले होते, हे समजल्याशिवाय वॉकर यांचे मोल कळणार नाही. ब्रिटन हे बेट. त्याचा गहू, मांस, लोखंड आणि पेट्रोलचा प्रत्येक थेंब समुद्रावरून येत असे. जहाजे तीस-चाळीसच्या गटांनी, रांगा करून, सर्वांत धिम्या जहाजाच्या गतीने चालत. जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख कार्ल डोनिट्झ यांनी पाणबुड्यांना लांडग्यांच्या कळपासारखे एकत्र आणून रात्री पृष्ठभागावरून हल्ला करायला शिकवले होते. मरत होते ते मुख्यतः व्यापारी जहाजांवरचे बिनलष्करी खलाशी. त्यांत हिंदुस्थानी खलाशी हजारोंच्या संख्येने होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसे, भटारखान्यात नि भोजनगृहात गोवेकर आणि बॉयलरपाशी सिल्हेटकडची माणसे, ही त्या काळची रूढ विभागणी होती. या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदुस्थानी खलाशी मृत्युमुखी पडले. कोकणातल्या कितीतरी घरांना अटलांटिक हे नाव ठाऊक झाले ते मृत्यूच्या बातमीतून.

ऑक्टोबर १९४१ मध्ये वॉकर यांना अखेर ‘स्टॉर्क’ मिळाली आणि तिच्याबरोबर ३६ व्या संरक्षक गटाचे नेतृत्वही. १४ डिसेंबरला एचजी-७६ हा बत्तीस जहाजांचा काफिला घेऊन ते जिब्राल्टरहून निघाले. सोबत ‘ऑडॅसिटी’ ही छोटी विमानवाहू नौका होती. जर्मनांकडून पकडलेल्या एका व्यापारी जहाजाचे छप्पर कापून त्यावर धावपट्टी घातलेली ही नौका. तिच्यावरची लढाऊ विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण १७ डिसेंबरला त्यांतल्याच एका विमानाने यू-१३१ दूरवर हेरली आणि वॉकर यांनी काफिला सोडून नौका तिच्या मागे धाडल्या. संरक्षक नौकांनी काफिल्याला चिकटून राहायचे, हा तोवरचा शिरस्ता. वॉकर यांच्या मते पाणबुडी बुडवणे हेच उत्तम संरक्षण. ती बुडाली. दुसऱ्या दिवशी यू-४३४ गेली. त्यानंतरच्या पहाटे सुरुवातीस सांगितलेला प्रसंग घडला.

२१ डिसेंबरच्या रात्रीने मात्र त्यांना कायमचा चटका दिला. अंधार पडला की ‘ऑडॅसिटी’ काफिल्यापासून दूर होऊन एकटी फिरत असे. त्या रात्री तिच्यासोबत देण्यास नौका उरली नव्हती. तिने काफिल्याच्या डाव्या बाजूस राहावे, असे वॉकर यांनी सुचवले. तिच्या कप्तानाने उजवी बाजू पसंत केली. तो हुद्द्याने वरिष्ठ होता, म्हणून वॉकर यांनी आग्रह धरला नाही. काही तासांतच पाणतिरांनी ‘ऑडॅसिटी’ बुडाली. या नाशाचा दोष वॉकर यांनी आपल्या अहवालात स्वतःकडे घेतला. त्याच रात्री त्यांच्या गटातील ‘डेप्टफर्ड’ने यू-५६७ बुडवली. तिचा कप्तान एन्ड्रास हा जर्मनीच्या नामांकित पाणबुडी अधिकाऱ्यांपैकी एक होता. बत्तीसपैकी तीस व्यापारी जहाजे इंग्लंडला पोहोचली. काफिला घेरणारा कळप त्यातल्या काही पाणबुड्या गमावून परतला. वॉकर यांना ‘डीएसओ’ हा सन्मान मिळाला आणि १९४२ च्या जूनअखेर, डावलली गेलेली कॅप्टनपदाची बढतीही.

याच काळातली एक गोष्ट वॉकर यांच्या गौरवगाथांत सहसा सावकाश पुढे ढकलली जाते. जहाजावर हल्ला होताच सर्व नौकांनी प्रकाशगोळे उडवीत ठरलेल्या दिशांना धावून स्फोटके टाकायची, अशी त्यांची एक चाल होती. पत्नी आयलीन यांच्या लाडक्या नावावरून त्यांनी तिला ‘बटरकप’ म्हटले होते. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलला एक छोटे अभ्यासकेंद्र उघडले. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि नौदलाच्या महिला विभागातल्या तरुण मुली फरशीवर खडूच्या रेषा आखून, लाकडी जहाजे सरकवून, झालेल्या लढाया पुन्हा खेळून पाहत. त्यांच्या ध्यानात आले, की पाणबुड्या पिछाडीने शिरून काफिल्याच्या रांगांच्या आतूनच पाणतीर सोडतात. ‘बटरकप’मध्ये नौका बाहेर धावत होत्या आणि शत्रू आत होता! ‘स्टॅन्ले’च्या वेळी ती चाल यशस्वी झाली, कारण त्या रात्री पाणबुडी खरोखरच बाहेर, मागे होती. फरशीवरच्या त्या खेळातून ‘रासबेरी’ ही नवी चाल जन्मली आणि सगळ्या संरक्षक गटांना शिकवली गेली. अटलांटिकची लढाई एकट्या शूर कप्तानाने जिंकलेली नाही. ती शिकणाऱ्या यंत्रणेने जिंकली.

वॉकर यांचे खरे मोठे काम यानंतरचे. १९४२ हे वर्ष दोस्तांना फार भारी गेले. त्या एका वर्षात पाणबुड्यांनी हजाराहून अधिक जहाजे बुडवली. मधल्या काही महिन्यांच्या किनाऱ्यावरील नेमणुकीनंतर १९४३ च्या वसंतात वॉकर यांना दुसरा साहाय्यक गट मिळाला. ‘स्टार्लिंग’ ही त्यांची नौका. बाकीच्या ‘रेन’, ‘काइट’, ‘वुडपेकर’, ‘वाइल्ड गूज’, ‘सिग्नेट’ आणि पुढे ‘मॅग्पाय’. सगळी पाखरांची नावे. त्याच घराण्यातल्या सहा नौका सतलज, जमना, कृष्णा, कावेरी, नर्मदा आणि गोदावरी अशा आपल्या नद्यांच्या नावांनी रॉयल इंडियन नेव्हीतही दाखल झाल्या होत्या. या गटावर कोणताही एक काफिला सांभाळण्याची जबाबदारी नव्हती. संकटातल्या काफिल्याकडे धावायचे आणि पाणबुडी सापडली, की शेवट होईपर्यंत तिची पाठ सोडायची नाही, एवढेच काम. आपल्या कप्तानांना वॉकर यांनी बजावून ठेवले होते, की हुकुमाची वाट पाहू नका; चटकन काही करताना चुकलात तरी बोल लावणार नाही.

पाणबुडी शोधण्याचे ‘अ‍ॅस्डिक’ हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी टिपत असे. त्यात एक मोठी उणीव होती. नौका पाणबुडीच्या अगदी जवळ गेली, की प्रतिध्वनी हरवत असे. त्यातच वेगाने येणाऱ्या नौकेच्या पंख्यांचा आवाज पाणबुडीला ऐकू येई आणि शेवटच्या क्षणी ती वळून निसटे. वॉकर यांनी दोन नौकांची जोडी केली. एक नौका दूर, हजारएक यार्डांवर थांबून अ‍ॅस्डिकने पाणबुडीवर नजर ठेवी. दुसरी स्वतःचे यंत्र बंद ठेवून, अगदी मंद गतीने, आवाज न करता पाणबुडीच्या डोक्यावर जाई आणि पहिलीच्या इशाऱ्यानुसार स्फोटके सोडी. दूरच्या नौकेचा आवाज ऐकत पाणबुडीचा कप्तान निर्धास्त असे. मांजरीने दबक्या पावलांनी जावे, तशी ही चाल. इतकी सोपी, की ती आधी कोणाला सुचली कशी नाही, याचेच नवल वाटावे.

दुसरे हत्यार होते चिकाटी. १ जून १९४३ रोजी यू-२०२ सापडली. ती फार खोल गेली, स्फोटके पोहोचेनात. वॉकर थांबले. पाणबुडीची हवा आणि विद्युतघट किती वेळ पुरतील, याचा हिशेब त्यांनी मांडला आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती वर येईल असा अंदाज केला. सुमारे पंधरा तासांच्या पाठलागानंतर, मध्यरात्र उलटून काही मिनिटे होतात तोच ती पृष्ठभागावर आली आणि तोफांच्या तोंडी गेली. त्याच महिन्यात, २४ तारखेला, एका दिवसात दोन पाणबुड्या बुडाल्या. त्यांतल्या यू-११९ ला ‘स्टार्लिंग’ने स्वतः धडक दिली. ३० जुलैला बिस्केच्या उपसागरात तीन पाणबुड्या एकत्र दिसल्या, तेव्हा वॉकर यांनी सर्व नौकांनी मुक्तपणे पाठलाग करावा, असा नौदलाच्या इतिहासात क्वचितच वापरला गेलेला संकेत फडकवला. विमाने आणि नौका यांनी मिळून तिन्ही बुडवल्या. गट बंदरात परतताना ‘स्टार्लिंग’च्या ध्वनिक्षेपकावर शिकारीचे एक जुने इंग्रजी गाणे वाजे आणि लिव्हरपूलकर गोदीवर गर्दी करत.

या यशाच्या ऐन भरात त्यांच्या घरावर घाला पडला. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांचा मुलगा टिमथी भूमध्य समुद्रात मरण पावला. तो ‘पार्थियन’ या ब्रिटिश पाणबुडीवर अधिकारी होता. ती मोहिमेवरून परतलीच नाही. पाण्याखाली कोंडलेल्या माणसांचे शेवटचे क्षण कसे असतात, हे वॉकर यांच्याइतके नेमके जाणणारे लोक नौदलात थोडेच असतील. वॉकर समुद्रावर गेले आणि जात राहिले.

१९४४ च्या जानेवारीअखेरीस सुरू झालेली मोहीम ही त्यांची सर्वोच्च कामगिरी. ३१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या वीस दिवसांत गटाने सहा पाणबुड्या बुडवल्या. त्यांतल्या दोन ९ फेब्रुवारी या एकाच दिवशी. आता जर्मनांकडे नौकेच्या पंख्यांच्या आवाजावर झेपावणारे पाणतीर होते. असाच एक ‘स्टार्लिंग’कडे धावत आला, तेव्हा वॉकर यांनी स्फोटके सोडून तो नौकेच्या अगदी मागे उडवला. ‘वुडपेकर’ मात्र अशाच पाणतिराने निकामी झाली आणि इंग्लंडकडे ओढून नेत असताना बुडाली. तिच्यावरचे सर्वजण वाचले. गट लिव्हरपूलला परतला, तेव्हा नौदलमंत्री स्वागताला धक्क्यावर उभे होते.

विश्रांती अशी नव्हतीच. मार्चमध्ये रशियाकडे जाणाऱ्या काफिल्यासोबत बर्फाळ समुद्र, मेमध्ये पुन्हा अटलांटिक आणि यू-४७३ चा दीर्घ पाठलाग. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा इंग्लिश खाडीच्या पश्चिमद्वाराशी त्यांचा पहारा होता. तेथून आत घुसून आक्रमणाची जहाजे बुडवण्याचा डोनिट्झ यांचा बेत फसला, यात त्या पहाऱ्याचा वाटा मोठा. या काळात वॉकर दिवसदिवस मंचावरून हलत नसत.

७ जुलै १९४४ रोजी, लिव्हरपूलला आले असता, त्यांना मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार झाला आणि ९ जुलैला सीफोर्थच्या नौदल रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. कोणत्याही जखमेने नव्हे, तर अतिश्रमाने ते गेले, असे नौदलात सर्वांचे मत होते. त्यांच्या नेतृत्वाखालील नौकांनी बुडवलेल्या पाणबुड्यांची संख्या वीसच्या आसपास भरते. दोस्तांच्या दुसऱ्या कोणाही अधिकाऱ्याच्या नावावर इतक्या नाहीत.

लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये सुमारे हजार लोकांच्या उपस्थितीत प्रार्थना झाली. ‘हेस्परस’ या विनाशिकेने त्यांचा देह मर्सी नदीच्या मुखातून बाहेर नेला आणि लिव्हरपूलच्या उपसागरात तो समुद्राच्या स्वाधीन करण्यात आला. १९९८ मध्ये लिव्हरपूलच्या पिअर हेड धक्क्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण प्रिन्स फिलिप यांनी केले. तरुणपणी नौदलात असताना त्यांच्या हाती जी पहिली नौका आली होती, ती वॉकर यांच्या गटातलीच ‘मॅग्पाय’. वॉकर पिता-पुत्रांपैकी कोणाचीही कबर जमिनीवर नाही.