ऑगस्तीन व त्याचा पुत्र

पुष्कळ तरुण मंडळीच्या उपासनेपासून दूर राहतात, आणि घरीं पाळणा हलूं लागला म्हणजे त्यांस देवाच्या घराची आठवण होते. असा बाप मंदिराच्या दाराशीं लाजून उभा असलेला आम्हीं अनेकदां पाहिला आहे. अशांस धीर यावा म्हणून प्राचीन मंडळीचा थोर गुरु ऑगस्तीन ह्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

ऑगस्तीनाचा जन्म ३५४ सालीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते गांवीं झाला. आई मोनिका भक्तिमान् ख्रिस्ती होती. बाप पुष्कळ वर्षें मूर्तिपूजक होता. लहानपणीं मरणोन्मुख झाला असतां मुलानें स्वतः बाप्तिस्मा मागितला. पण तो बरा होतांच ती गोष्ट लांबणीवर पडली. पुढें विद्येसाठीं कार्थेज शहरीं गेल्यावर आईचा विश्वास सोडून तो मानी नांवाच्या गुरूच्या पंथांत शिरला व सुमारें नऊ वर्षें तेथें गुंतून राहिला. विवाहावांचून तो एका स्त्रीबरोबर राहत असे. तिच्यापासून त्याला सुमारें ३७२ सालीं पुत्र झाला. अशा संबंधांत मूल नकोसें असतें, तरी जन्मल्यावर तें आपणांस प्रीति करावयास लावितें, असें त्यानें पुढें कबूल केलें. पुत्राचें नांव अदेओदातुस. त्याचा अर्थ देवानें दिलेला.

३८४ सालीं तो मिलान शहरीं वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तेथील बिशप अंब्रोस ह्याचीं प्रवचनें तो प्रथम केवळ भाषेच्या गोडीनें ऐके. हळूहळू त्यांतील सत्यही अंतःकरणांत उतरूं लागलें. मोनिकाही समुद्र ओलांडून तेथें आली. परंतु दुसरीकडे सोयरीक जमविण्यासाठीं मुलाच्या आईला आफ्रिकेस धाडण्यांत आलें. पुत्राला बापापाशीं ठेवून ती गेली. तिचें नांवही लिहिलेलें नाहीं. ऑगस्तीनाचें काळीज फाटलें, तरी त्यानें तिला परत बोलाविलें नाहीं. उलट दुसरी स्त्री ठेविली. थोरांचें पाप आम्ही झांकीत नाहीं, कारण त्यानेंही तें झांकिलें नाहीं.

३८६ सालीं एका बागेंत तो रडत असतां शेजारच्या घरांतून एका बालकाचा आवाज आला. पुस्तक उचलून वाचावें, असा त्याचा अर्थ होता. त्यानें रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायांतील वचन वाचलें आणि त्याचें मन पालटलें. मग आई, पुत्र व मित्र ह्यांसह तो एका मळ्यांत जाऊन राहिला. तेथें प्रार्थना, स्तोत्रें व संभाषण चाले. मोनिका घर सांभाळी, आणि मुलगाही मोठ्यांच्या प्रश्नांस उत्तरें देई. ३८७ सालीं पुनरुत्थानाच्या सणीं अंब्रोसानें बाप व पुत्र ह्यांस एकत्र बाप्तिस्मा दिला. मंडळीचीं गीतें ऐकून ऑगस्तीनाचे अश्रु आवरेनात.

त्याच वर्षीं ओस्तिया बंदरीं मोनिका मरण पावली. नातू मोठ्यानें रडूं लागला. पितापुत्र आफ्रिकेस परतले. गुरु कोण ह्याविषयीं दोघांचें झालेलें संभाषण बापानें ग्रंथरूपानें लिहिलें, व त्यांतील पुत्राचे विचार खरोखर त्याचेच आहेत अशी साक्ष दिली. तो गुणी मुलगा तारुण्यांत पाऊल टाकतांच वारला. त्याची आठवण बापाला दुःखाची होती, पण भीतीची नव्हती. कारण तो प्रभूचा झाला होता.

पुढें ऑगस्तीन हिप्पो येथील मंडळीचा सेवक व नंतर बिशप झाला आणि ४३० सालीं प्रभूमध्यें निजला. नवशिक्यांस शिकविण्याविषयीं त्यानें एक पुस्तक लिहिलें. तेच धडे पुनः पुनः सांगून कंटाळलेल्या उपदेशकाला तो आईबापांचें उदाहरण देतो: प्रीतीमुळें तीं लहानग्याशीं आनंदानें बोबडें बोलतात.

प्रिय बंधूंनो, ज्याला मूल झालें आहे त्यानें आपल्या मागील दिवसांकडे पाहून थांबूं नये. मूल देवानें दिलें आहे. त्याचा हात धरून येत्या रविवारीं मंदिरांत या, आणि रात्रीं घरीं त्याच्याजवळ बसून प्रार्थना करा. उपदेशकांनो, असा बाप दाराशीं दिसला तर त्याला पुढें बोलावून जागा द्या.