५००७ अँगस्ट्रॉमची रेषा

अँगस्ट्रॉमचे नॅनोमीटर करायचे म्हणजे दहाने भागायचं आणि पुढे जायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण एका रेषेसाठी पुण्यात कुणीतरी रात्री जागवल्या होत्या. ते कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८), सायन्स कॉलेजचे (आजचं सीओईपी) प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी वेधशाळा उभारली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी!

आमच्या म्हशाला पौषात यात्रा भरते तेव्हा रात्री मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्यातल्या तेजोमेघाची हिरवी रेषा ५००७ अँगस्ट्रॉम, म्हणजे ५००.७ नॅनोमीटर किंवा ०.५००७ मायक्रॉन. लंडनचे बडे शास्त्रज्ञ लॉकियर म्हणत, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. तसं असतं तर रेषा एका बाजूला पुसट होत गेली असती. १८९१ मध्ये नायगमवालांनी नोंदवलं, की ती दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. पुढे १९२७ मध्ये बोवेन यांनी ती ऑक्सिजनची असल्याचं दाखवलं.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. समोर केवढंही मोठं नाव असो, रेषा जशी दिसली तशीच त्यांनी लिहिली. जर्नल भरताना आपणही एवढं करू या!