पडद्याआडची पंधरा मिनिटे

२४ सप्टेंबर १९२९. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्ड विमानतळावर सकाळी दाट धुके उतरले होते. दोन आसनांच्या विमानात मागे लेफ्टनंट जेम्स डूलिटल बसले. त्यांच्या डोक्यावर कापडी आच्छादन ओढलेले, त्यामुळे बाहेरचे काहीच दिसत नव्हते. पुढच्या आसनावर बेंजामिन केल्सी होते. काही बिघडले तर विमान सावरण्यासाठी ते बसले होते. एरवी त्यांनी हात नियंत्रणांपासून दूर, सर्वांना दिसतील असे ठेवले होते. विमान उडाले, वळले, विमानतळावरून गेले आणि सुमारे पंधरा मिनिटांनी खाली टेकले. उड्डाणापासून उतरण्यापर्यंत वैमानिकाने बाहेर एकदाही न पाहता केलेला हा पहिला प्रवास.

डूलिटल यांचा जन्म १८९६ चा, कॅलिफोर्नियातला. बालपण अलास्कातल्या नोम गावी गेले. शर्यतींत विमाने पळवणारा धाडसी वैमानिक म्हणून त्यांचे नाव झाले होते. पण १९२५ मध्ये त्यांनी 'एमआयटी'तून विमानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. प्रयोगांसाठी त्यांचीच निवड झाली ती याच दुहेरी तयारीमुळे.

खरा शत्रू धुके नव्हे, कान होता. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. मात्र विमान एकाच गतीने वळत राहिले तर द्रवही त्या गतीला लागतो आणि वळण जाणवेनासे होते. मग सरळ केले की उलट दिशेला वळल्यासारखे वाटते! क्षितिज दिसत नसताना शरीराच्या या ग्वाहीवर विसंबलेले कितीतरी वैमानिक जमिनीवर आदळले. डूलिटल यांनाही धुक्याने सोडले नाही. बफेलोहून मिचेल फील्डकडे परतताना एका रात्री त्यांना उतरायला जागाच सापडेना. इंधन संपत आले आणि अखेर विमान झाडावर आदळले. ते मात्र बचावले.

त्या वेळी गुगेनहाइम निधीच्या प्रयोगशाळेतले त्यांचे काम चालू होते. स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो, तसेच कोल्समन यांचा नाजूक उंचीमापक विमानात बसवले होते. जुन्या उंचीमापकांचा पन्नास-शंभर फुटांत भरवसा नसे. नवा काही फुटांपर्यंत नेमका होता. वाट दाखवायला जमिनीवरचा रेडिओ दीपस्तंभ होता. तो दोन वेगळ्या कंपनांचे संकेत पाठवी. वैमानिकासमोर धातूच्या दोन पात्या थरथरत. दोघींची थरथर सारखी दिसली की विमान वाटेवर. एक जास्त थरथरू लागली की विमान त्या बाजूला सरकलेले. नेमक्या दीपस्तंभावर आले की पात्यांची हालचाल क्षणभर मंदावे.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक उपकरणाचे म्हणणे खरे आहे का, हे हवेत ताडून पाहावे लागे. डूलिटल पुन्हा पुन्हा उडत आणि पुन्हा पुन्हा उतरत. विमानाची चाके धक्का सोसतील अशी मुद्दाम भक्कम केली होती, कारण शेवटचा टप्पा म्हणजे ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या उताराने खाली येत राहायचे आणि जमीन लागेपर्यंत थांबायचे! त्या ऐतिहासिक सकाळचे उतरणेसुद्धा डूलिटल यांना ओबडधोबडच वाटले होते.

पुढे शेल कंपनीत त्यांनी विमानांसाठी १०० ऑक्टेन इंधनाचा आग्रह धरला. एप्रिल १९४२ मध्ये जहाजावरून सोळा बॉम्बफेकी विमाने उडवून त्यांनी टोकियोवर केलेला हल्ला आजही पुस्तकांत सापडतो. परतीच्या रात्री, चीनच्या ढगाळ आकाशात ते इंधन संपेपर्यंत उडत राहिले. उतरण्याची जागा दाखवणारा रेडिओ संकेत तिथे नव्हताच, त्यामुळे पथकासह हवाई छत्रीने उडी मारावी लागली. १९९३ मध्ये ते वारले, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.